कमी पैशांत वस्तऱ्याने दाढी: आधी हात, मग धार, वस्तरा शेवटी

वस्तऱ्याने घरी दाढी करायची हौस आली की माणूस पहिल्यांदा वस्तरा शोधायला लागतो. ऑनलाइन चकचकीत फोटो दिसतात: शिंगाची मूठ, नक्षीदार पातं, लाकडी डबी. जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा नवा वस्तरा मागवायचा तर किंमत आणि आयातकर मिळून आकडा सहज दहा हजारांच्या पुढे जातो, म्हणून मग हजार-बाराशेचा काहीतरी मागवला जातो. तो येतो आणि गालावरून दाढी कापण्याऐवजी ओढत नेतो. आठवड्याभरात वस्तरा कपाटात आणि माणूस परत काडतुसाच्या (कार्ट्रिजच्या) रेझरकडे.

यात दोष स्वस्त वस्तऱ्याचा असतोच असं नाही. वस्तरा स्वस्तात मिळतो, पण दाढीला चालेल अशी धार त्याच्यासोबत येत नाही, आणि धार लावायला लागणाऱ्या दगडांचा, पट्ट्याचा खर्च कुणी आधी धरत नाही. त्यात हातही बसलेला नसतो. त्यामुळे दाढी बिघडली की दोष हाताचा, धारेचा की फेसाचा, हेच कळत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पाचशे रुपयांच्या आत हात बसवायचा. खरा पोलादी वस्तरा त्यानंतर, आणि तोही वाटलंच तर.

पहिले पाचशे रुपये

सलूनमध्ये हल्ली जो वस्तरा दिसतो, तो बहुतेक ठिकाणी अर्ध्या ब्लेडचा असतो. पाती बदलायची, मूठ तीच. एड्स आणि काविळीच्या धास्तीने दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा आग्रह वाढला आणि धोकटीतला, चामड्याच्या पट्ट्यावर घासून परजायचा वस्तरा मागे पडला. आपल्याला सुरुवातीला हाच हवा. सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात तो साधारण शंभर ते दोनशे रुपयांना मिळतो. ऑनलाइन महागही दिसतील, पण त्याची गरज नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, बिजागरी: वस्तरा उघडून हलकेच हलवला तर पातं लटपटता कामा नये. दुसरी, वजन. पूर्ण प्लास्टिकचा नको, पत्र्याचा किंवा स्टीलचा घ्या, कारण जरा वजन असलं की हात दाबायला बघत नाही. तिसरी गोष्ट दुकानदार सांगणार नाही. ब्लेड बसवल्यावर त्याचे दोन्ही कोपरे धारकाच्या आत झाकले जातात का, ते पाहा. सुरुवातीला जे बारीक बारीक कापतं, त्यातलं पुष्कळसं बाहेर डोकावणाऱ्या कोपऱ्यामुळे. धारकाची टोकं गोलसर असतील तर उत्तम.

ब्लेड साधं दुधारी घ्या: सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, सुपरमॅक्स, जे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल ते. फेदर नावाचं जपानी ब्लेड फार तेज असतं. त्याचं कौतुक खूप वाचायला मिळेल, पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. ब्लेड मोडायची न्हाव्यांची रीत अशी: कागदाचं वेष्टन काढायचं नाही. वेष्टनासकट ब्लेड दोन्ही हातांच्या चिमटीत आडवं धरायचं, लांबीच्या मधल्या रेषेवर हळूहळू दुमडायचं, आणि टक् असा आवाज आला की दोन तुकडे झाले. मग कागद उलगडून एक अर्धं धारकात सरकवायचं, दुसरं कागदातच गुंडाळून ठेवायचं. एक अर्धं एक-दोन दाढ्यांना पुरतं. ब्लेड तीन-चार रुपयांचं धरलं तर दाढीमागे खर्च रुपया-दोन रुपये. काडतुसाच्या भावाशी ताडून बघा.

बाकीचं सामान: साधा ब्रश, दाढीच्या साबणाची गोल वडी किंवा कुठलंही फेसाचं क्रीम, एक स्टीलची वाटी आणि तुरटीचा खडा. तुरटी किराणा दुकानात सुटी मिळते. 'शेव्हिंग ब्लॉक' म्हणून गुळगुळीत वडी मिळते तीही तुरटीच, फक्त कडा बोचत नाहीत. फवाऱ्याच्या डब्यातला तयार फोम मात्र टाळा. तो फुगलेला दिसतो, पण वस्तऱ्याखाली निसरडेपणा पुरेसा देत नाही.

फेस आणि पाणी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो उरकतात. वस्तऱ्याच्या बाबतीत निम्मी दाढी इथेच होते.

दाढी आंघोळीनंतर करा. केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. आंघोळ नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा तेवढा वेळ तोंडावर ठेवा. ब्रश पाण्यात भिजवा, झटका, साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट फिरवा आणि मग वाटीत थेंब-थेंब पाणी घालत घोटत राहा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील. ते जाऊन फेस घुसळलेल्या घट्ट दह्यासारखा, चकाकणारा झाला की थांबा. दोन बोटांत घेऊन चोळून बघा. बोटं एकमेकांवरून सरकली पाहिजेत. अडखळली तर पाणी कमी आहे.

आता बोअरवेलच्या पाण्याचं दुखणं. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात, आणि पुण्या-मुंबईच्या टँकरवरच्या सोसायट्यांमध्येही पाणी जड असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो, फेस धरत नाही, धरला तरी गालावर पाच मिनिटांत सुकून जातो. माणूस मग साबण बदलत बसतो. उपाय फुकटचा आहे: वाटीत फिल्टरचं, आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. एका दाढीला पाव पेलाही लागत नाही. क्रीमला जड पाण्याचा त्रास साबणाच्या वडीपेक्षा कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक सूचना: महिन्याभराची वाढलेली दाढी थेट वस्तऱ्याखाली घेऊ नका. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा. लांब केस ओढले जातात आणि फेस मुळापर्यंत पोचत नाही.

हात बसवणं

पहिल्या दिवशी वस्तऱ्यात ब्लेड घालूच नका. नुसता वस्तरा धरायला शिका. पात्याच्या मागच्या बारीक मानेवर वरून तीन बोटं, खालून अंगठा, आणि करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर. मूठ वर उघडलेली राहते. फेस लावून रिकामा वस्तरा गालावरून फिरवा. आरशात हात कुठे आडवा येतो, कोपर कुठे अडतं, हे इथे कळतं. उजव्या हाताच्या माणसाला डावा गाल हीच अडचण असते. हात तोंडासमोरून न्यावा लागतो आणि आरसा झाकला जातो. काही जण डाव्या हाताने शिकतात. मला डावा हात शिकवणं जास्त फायद्याचं वाटतं. पहिले पंधरा दिवस अवघड, पुढे कायमची सोय.

दाढीचा कल एकदा नीट बघून घ्या. दोन दिवसांची वाढ असताना बोटं फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकतं ती सुलट. गालांवर ती साधारणपणे वरून खाली असते, पण गळ्यावर मात्र भरवसा नाही. कुणाची आडवी, कुणाची खालून वर, कुणाची घाटीजवळ भोवऱ्यात फिरणारी. हे आधी माहीत नसलं की गळ्यावर पुरळ उठते आणि दोष ब्लेडवर जातो.

आता प्रत्यक्ष दाढी. पहिला आठवडा फक्त गाल, कल्ल्याखालपासून जबड्याच्या हाडापर्यंत. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने पूर्ण करा, त्यात कमीपणा काही नाही.

1. मोकळ्या हाताने कल्ल्याजवळची कातडी वर ओढून धरा. ताण नसेल तर पातं टेकवूच नका. ढिली कातडी पात्यापुढे वळी होऊन येते आणि कापते.

2. पातं गालावर सपाट टेकवा, मग पाठ उचलून साधारण 30 अंशांचा कोन करा. कोन कमी झाला तर केस ओढले जातात, जास्त झाला तर कातडी खरवडली जाते.

3. एकेक इंचाचा छोटा हात, सुलट दिशेने, वरून खाली. दाब शून्य. जोर लावावासा वाटला तर समजा फेस, कोन किंवा ब्लेड यांत काहीतरी चुकतंय.

4. पातं नेहमी धारेच्या काटकोनात पुढे न्या. धारेच्या रेषेत, आडवं, कधीही सरकवू नका. सुरीने टोमॅटो कापताना आपण नेमकं तेच करतो, आणि कातडीही तशीच कापली जाते.

5. दोन-चार हातांनंतर पातं पाण्याखाली धरा. बोटाने फेस पुसू नका.

अर्ध्या ब्लेडचा वस्तरा खऱ्या वस्तऱ्यापेक्षा कडक असतो. ब्लेड पातळ, ताठ, वजन कमी, चूक लगेच दाखवणारा. शिकायला हे वाईट नाही, कारण यावर कोन आणि ताण जमला तर पोलादी वस्तरा मवाळच वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात गळा घ्या: हनुवटी वर, आणि मोकळ्या हाताने कातडी खाली गळपट्टीच्या हाडाकडे ओढलेली. घाटीवरून थेट जाऊ नका. एकदा घोट गिळतो तसं करून किंवा कातडी बाजूला ओढून तो भाग सपाट जागी आणा. मिशीची जागा आणि हनुवटी सर्वांत शेवटी. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर ताणून घ्या आणि अगदी बारीक हात चालवा. हनुवटीसाठी खालचा ओठ वर ओढून घ्या. इथे केस सर्वांत राठ आणि वळण सर्वांत जास्त, त्यामुळे महिनाभर ही जागा रेझरकडे सोपवली तरी चालेल.

एका फेरीने तुळतुळीत दाढी होणार नाही. हात स्थिर झाल्यावर पुन्हा फेस लावून दुसरी फेरी आडव्या दिशेने करा. उलट दाढी पहिल्या दोन-तीन महिन्यांत नकोच, आणि ज्यांचे केस कुरळे आहेत, आत वळून पुटकुळ्या येतात, त्यांनी कधीच नको. मुरूम, तीळ, चामखीळ दिसली की वळसा घाला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर हा छंद सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी थंड पाणी, मग ओली तुरटी पूर्ण चेहऱ्यावर फिरवा. जिथे जळजळ होईल तिथे हात जड पडला आहे, उद्यासाठी ती जागा लक्षात ठेवा. मिनिटभराने धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी कोरडी पडते. बारीक कापलं असेल तर तुरटी त्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा.

आणि वस्तरा हातातून सुटला तर पकडायला जायचं नाही. पाय मागे घ्यायचा आणि पडू द्यायचा. बेसिनमध्ये जुना पंचा पसरून ठेवला तर पातंही वाचतं.

खरा वस्तरा घ्यायचा तर

दोन-तीन महिन्यांनी हात बसला आणि हौस टिकली, तर मग पुढचं. पोलादी वस्तऱ्याला दर वेळी ब्लेड लागत नाही, दाढी मऊ होते आणि एकदा नीट सांभाळला तर तो आपल्यापेक्षा जास्त जगतो. पण वाचतील त्या पैशांसाठी घेऊ नका. अर्ध्या ब्लेडचा खर्च इतका कमी आहे की दगड-पट्ट्याचे पैसे त्यातून वसूल व्हायला काही वर्षं लागतील.

स्वस्तातले रस्ते दोन. पहिला, गोल्ड डॉलर नावाचा चिनी वस्तरा. पोलाद चांगलं, किंमत कमी, पण घडण ओबडधोबड. त्याच्या टाचेजवळचा (पात्याच्या मुठीकडच्या टोकाचा) जाड उंचवटा धार लावताना दगडाला आधी टेकतो, त्यामुळे टाचेकडची धार लागतच नाही. तो घासून मागे घ्यावा लागतो, आणि तेही पातं तापू न देता, कारण तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. हाताने असली कामं करायची आवड असेल तर मजा आहे, नसेल तर डोकेदुखी.

दुसरा रस्ता जुन्या बाजाराचा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. इथे जुने सोलिंगेनचे किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचे वस्तरे कधीमधी भांड्यांच्या ढिगात सापडतात. घेताना धारेकडे बघू नका, धार लावता येते. बघायचं ते हे: धारेवर खाच किंवा तडा नको, विशेषतः पात्याच्या पातळ भागात केसाएवढी चीरही नको. गंज पाठीवर चालेल, धारेला लागून खड्डे पडलेले असतील तर सोडून द्या. पातं सपाट टेबलावर ठेवून बघा, पाठ आणि धार दोन्ही टेकली पाहिजेत. रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. 5/8 किंवा 6/8 घ्या आणि टोक गोल असू द्या. घरी आणल्यावर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून मगच पुढचं काम.

आणि ते नक्षीदार 'दमास्कस' वस्तरे, रंगीत मुठींचे, हजार-बाराशेला मिळणारे? ते भिंतीवर लावायला ठीक. त्यांतल्या पुष्कळांचं पोलाद मऊ असतं, धार धरत नाही. सोलिंगेन असं कोरलेलं असलं तरी किंमत फारच कमी असेल तर शंका घ्या.

धार

परजण्यासाठी पट्टा लागतो. दोन-अडीच इंच रुंद, दीड फूट लांब, शिवण नसलेली गुळगुळीत चामड्याची पट्टी. बाजारात तयार पट्टे महाग पडतात. चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या कारागिराकडे, धारावीत किंवा कोल्हापुरात, कमावलेल्या चामड्याची लांब कातरण मागा, स्वस्तात काम होतं. जुना कमरपट्टाही चालतो, पण रेग्झिनचा नको. कापडी बाजूसाठी खाटेची सुती नवार धुऊन ताणून वापरा. काहीच नसेल तर पाटावर ताणलेला वर्तमानपत्राचा कागदसुद्धा परजायला उपयोगी पडतो.

परजताना पाठ पुढे, धार मागे. दगडावर याच्या उलट. पातं आणि पाठ दोन्ही पट्ट्याला टेकलेली, आणि टोकाला पोचलं की पाठीवरून कोलांटी घेऊन परत. धारेवरून उलटवलं की धारही गेली आणि पट्टाही कापला. आधी नवारीवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीसएक. वेग नको. सलूनमधला फटाफट आवाज हाताला सवय झाल्यावर आपोआप येतो.

दगडांसाठी 1000 पासून 12000 ग्रिटपर्यंतची (आकडा मोठा तितका दगड बारीक) मालिका घ्यायला गेलं तर बजेट तिथेच कोसळतं. कमी खर्चाचा मार्ग म्हणजे लॅपिंग फिल्म: बारीक कणांचा लेप असलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या. 12, 5, 3 आणि 1 मायक्रॉन अशा चार घ्या. सपाट ग्रॅनाइटची टाइल किंवा जाड काचेचा तुकडा ओला करून त्यावर फिल्म चिकटवा. वस्तऱ्याच्या पाठीवर इलेक्ट्रिकची टेप लावा म्हणजे पाठ झिजत नाही. मग धार पुढे ठेवून, दाब न देता, हलक्या फेऱ्या.

खरं काम पहिल्या, जाड फिल्मवरच होतं. दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून टोकापर्यंत धारेवर भेटेपर्यंत पुढच्या फिल्मवर जाऊ नका. ओळखायचं असं: खिडकीशी किंवा टॉर्चखाली पातं धार वर करून धरा आणि सरळ धारेकडे बघा. जिथे बारीक चमक दिसते तिथे धार बोथट आहे, कारण खरी धार उजेड परतवत नाही. सोनाराचं भिंग असलं तर अजून सोपं. चमक पूर्ण गेली आणि हातावरचे केस कातडीला लागून कापले जाऊ लागले की 5, 3, 1 असे पुढे जा. 1 मायक्रॉननंतर टेप काढा, परजा, दाढी करून बघा. हे सगळं नको असेल तर धार लावून देणारे हौशी लोक आणि छोटे व्यावसायिक आहेत. पण चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर वस्तरा कधीही देऊ नका.

एकदा लागलेली धार नियमित परजल्यास बरेच महिने टिकते. दाढी ओढायला लागली की लगेच दगडाकडे पळू नका. आधी पाठीवर पुन्हा टेप लावून 1 मायक्रॉन फिल्मवर दहा-पंधरा फेऱ्या मारा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

सांभाळायचं कसं

कार्बन पोलाद गंजतं आणि कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात तर रात्रीत गंजतं. दाढी झाली की पातं धुऊन, मऊ कापडाने कोरडं करून, बिजागरीतलं पाणीही टिपून घ्या. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पुसा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि चिकट होतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका, आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डबीत टाका. घरात लहान मुलं असतील तर डबी कुलपात.

अर्धी ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका. कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात त्यावर कापतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला बारीक चीर पाडून त्यात साठवत जा. वर्षा-दोन वर्षांनी डबा भरला की चीर टेपने बंद करून वर 'ब्लेड' असं लिहा आणि कचरा घेणाऱ्याच्या हाती वेगळा द्या.